म्हातारघर की बस

सरकारी अनुदानाला कात्री लागल्याची बातमी तिला पहिल्यांदा कळली, तेव्हा तिच्या हातात खरीखुरी कात्री होती. समोरच्या खुर्चीत नगरपरिषदेच्या लेखापालाची बायको बसली होती. ओले केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले.

"आमच्याकडे दोन दिवस कुणी धड जेवलेलं नाही," ती म्हणाली. "वरून पैसेच कमी आलेत म्हणे. आता काहीतरी बंद करावं लागणार, नाहीतर पगारांचेही वांधे." मग तिनं डोळे उघडून आरशात बघितलं आणि जीभ चावली. मागे उभी असलेली बाई नुसती पार्लरवाली नव्हती, नगरसेवकही होती.

"मी काही ऐकलं नाही," पार्लरवाली म्हणाली. "मान जरा खाली करा."

पण ऐकलं होतं. काहीतरी बंद करायचं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती टेकडीवरच्या वस्तीतून अपक्ष निवडून आली होती. तिचं माहेर तिथलं. निवडणुकीत विरोधकांनी तिला 'कात्री' म्हणून हिणवलं, तर तिनं तेच नाव उचललं आणि सगळ्यांची कात्रीताई झाली. वस्तीला तिनं एकच शब्द दिला होता: संध्याकाळची बस बंद होऊ देणार नाही. वस्तीतल्या बायका खाली दवाखान्यात, हॉटेलांत, कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. काम सुटेस्तोवर अंधार पडायचा. वर जाणारा रस्ता दगडाच्या खाणीच्या कडेनं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूनं खडीचे ट्रक, आणि दिव्याचा पत्ता नाही. बस सुरू होण्याआधी तिची आई त्याच रस्त्यानं चालत यायची. एका पावसाळ्यात ट्रकनं उडवलेल्या बाईला वस्तीत आणलं, तेव्हा ती आपली आई तर नाही ना, हे बघायला ही गर्दीतून वाकून पुढे गेली होती. आई नव्हती. शेजारच्या घरातली होती. 

सासर खाली बाजारात. तळमजल्यावर पार्लर, वर घर. घरात नवरा आणि सासू. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा आणि दोन बायकांच्या मधे शक्यतो बोलायचा नाही. सासूचं आयुष्य रेल्वेच्या तिकीट खिडकीवर गेलेलं. समोरच्याला दोन वाक्यांत वाटेला लावायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पण सासरे गेले, पाठोपाठ पडून खुब्याचं हाड मोडलं, आणि ही तोंडाळ बाई एकदम गप्प झाली. वर्षभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायची, बंद केला तर काहीच म्हणायची नाही. शेवटी सुनेनंच तिला हाताला धरून नगरपरिषदेच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात नेऊन बसवलं.

तिथं येणारे त्याला म्हातारघरच म्हणायचे. "पोरांना पाळणाघर, आम्हाला म्हातारघर," सासू म्हणायची. सकाळी न्यायला गाडी यायची, तिथं थोडा व्यायाम, गरम जेवण, पत्ते, भांडणं. दोनेक महिन्यांत सासू घरी येऊन सगळ्यांच्या नकला करायला लागली. सगळ्यात जास्त शिंप्याच्या. हा शिंपी एकटा राहायचा, पत्त्यांत राजरोस लबाडी करायचा आणि पकडला गेला की "नजरच गेली हो माझी" म्हणून तोंड पाडायचा. सासू त्याला शिव्या द्यायची आणि रोज त्याच्याच समोर बसायची.

तर बैठकीत अध्यक्षांनी विषय मांडला. अध्यक्ष सिमेंट-विटांचे व्यापारी, बोलायला मधाळ. "पाणी बंद करता येत नाही, झाडलोट बंद करता येत नाही," ते म्हणाले. "राहता राहिल्या दोन गोष्टी. टेकडीची संध्याकाळची बस आणि ज्येष्ठांचं केंद्र. दोन्ही चालवायची आपली ऐपत उरली नाही. एक ठेवू, एक जाईल. लोकांचं म्हणणं ऐकू आणि त्याच सभेत मतदान घेऊ."

सभागृहात कुजबुज झाली. बाजारपेठेतले सभासद केंद्राच्या बाजूचे, टेकडीच्या उतारावरचे आणि अध्यक्षांच्या मर्जीतले बसच्या बाजूचे. दोन्हीकडे सारखीच डोकी. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

बाहेर व्हरांड्यात अध्यक्षांनी तिला गाठलं. "ताई, तुमचं तर ठरलेलंच असणार. माहेर कुणाला सुटलंय?"

"माझी सासू केंद्रात जाते, साहेब."

"हो का?" त्यांनी जणू पहिल्यांदाच ऐकलं. "त्यांची काहीतरी सोय बघू की. आणि केंद्राची जागा कोपऱ्यावरची आहे. भाड्यानं दिली तर नगरपरिषदेलाच चार पैसे सुटतील."

"कुणाला देणार भाड्यानं?"

"येईल कुणीतरी."

अध्यक्षांचा पुतण्या फरशांच्या दुकानासाठी कोपऱ्यावरची जागा शोधत होता, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. ती पायऱ्या उतरली. जे तिला योग्य वाटत होतं, तेच या माणसालाही हवं होतं, आणि कारण मात्र भलतंच.

घरी सासूला आधीच कळलं होतं. जेवणाच्या टेबलावर तिनं ताट पुढे ओढलं आणि विचारलं, "काय मग, ठरलं का?"

"अजून नाही, आई."

"नाही म्हणजे तुझं नाही. बाकीच्यांचं ठरलंय."

"आई, जेवताना नको ना," नवरा म्हणाला.

"मग कधी? माझं ताट बंद झाल्यावर?" सासूनं चमचा खाली ठेवला. "मला बाकीचं राजकारण कळत नाही. एवढंच सांग. मी परत त्या खुर्चीत जाऊन बसायचं का?"

खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे. तिघांनीही तिकडे बघितलं नाही. सुनेनं उत्तर दिलं नाही. आणि उत्तर न देणं हेसुद्धा उत्तरच असतं, हे तिकीट खिडकीवरच्या बाईला कळत होतं. ती अर्धं जेवण टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातली आया पार्लरमध्ये आली, वस्तीतल्या दोघीजणींना घेऊन. ही आया तिच्या आईची मैत्रीण, हिला परकरात पाहिलेली. तिघींपैकी कुणीच खुर्चीत बसलं नाही.

"मत मागायला आलो नाही," आया म्हणाली. "मत आम्ही तुला दिलंय. आठवण करून द्यायला आलोय."

"मावशी, मला सगळं आठवतं."

"माझी पोरगी लागली आता माझ्याच दवाखान्यात. संध्याकाळची पाळी. बस गेली तर मी तिला नोकरी सोडायला लावणार. पोरगी जिवंत राहू दे, पगार गेला तरी चालेल." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तू आमच्यातली म्हणून निवडून दिलं, बाई. आता सासरची झालीस का?"

ते वाक्य दिवसभर काट्यासारखं टोचत राहिलं. त्या आठवड्यात गिऱ्हाईकं कमी झाली. जी आली त्यांनी एकतर विषयच काढला नाही, नाहीतर दुसरं काही बोललंच नाही. आणि एका सकाळी शटर उघडलं तर काचेवर लाल रंगात दोनच शब्द: 'विकली गेली'. कुणी लिहिले कळलं नाही. टेकडीवाल्यांना वाटत होतं ती सासूला विकली गेली, बाजाराला वाटत होतं अध्यक्षांना. नवऱ्यानं थिनर आणून काच घासली. घासता घासता म्हणाला, "राजीनामा दे. कुणाचं भलं करायचं ते करू देत त्यांना."

"मी नसले की दोन्हीकडे सारखी मतं पडतील, आणि मग बरोबरी फोडायला अध्यक्षांचं जादा मत."

"पडेना का. निदान आपल्या घरातून तरी ते मत पडणार नाही."

 खरं म्हणजे तिलाही तेच हवं होतं, आणि म्हणूनच तिला स्वतःचा राग येत होता.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे फिरत होते पण वारा लागत नव्हता. खिडक्यांच्या बाहेरही माणसं. डावीकडे टेकडीच्या बायका, कामाच्या कपड्यांतच आलेल्या. उजवीकडे म्हातारे, काठ्या गुडघ्यांत धरून. मधली वाट दोन पोलिसांनी मोकळी ठेवलेली. एकेक जण माइकपाशी यायचा, बोलायचा, एका बाजूनं टाळ्या आणि दुसऱ्या बाजूनं आवाज उठायचा. आया बोलता बोलता अर्ध्यातच खाली बसली. शिंप्यानं हसवायचा प्रयत्न केला, कुणी हसलं नाही.

मग रांगेत तिची सासू दिसली.

येणार आहे असं ती घरी बोलली नव्हती. माइक तिच्यासाठी खाली करावा लागला. तिनं काठी टेबलाला टेकवली आणि सरळ सुनेकडे बघितलं.

"माननीय सभासद बाई," ती म्हणाली.  "मी टेकडीच्या बसविरुद्ध बोलायला आले नाही. कुणाची लेक अंधारात चालावी असं मला वाटत नाही. पण या बायकांना मोर्चा काढता येतो. आमच्यातल्या अर्ध्यांना जिना उतरता येत नाही. आज जेवढे आलेत तेवढे तरी कसे आलेत, ते आमचं आम्हाला माहीत." तिनं श्वास घेतला. "मी घरात हा प्रश्न विचारून पाहिला. घरात उत्तर मिळालं नाही, म्हणून रांगेत उभी राहिले. आयुष्यभर मी खिडकीच्या आत बसले आहे. रांगेतल्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं. तर सभासद बाई, तुमचं मत कुणाला?"

अध्यक्ष घाईनं म्हणाले, "उत्तर देणं सभासदांवर बंधनकारक नाही."

पण सून उठून उभी राहिली होती. स्वतःच्या घरातल्या माणसानं इतक्या लोकांसमोर 'अहो-जाहो' केलेलं तिला चपराकीसारखं लागलं होतं. "मतदानाच्या वेळी सांगीन," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे सुटे नाहीत," सासू तिकीट खिडकीवरच्या जुन्या सुरात म्हणाली आणि काठी उचलून जागेवर गेली. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

मतदानाआधी तिनं एक सूचना मांडली. रात्रंदिवस डोकं शिणवून काढलेली सूचना होती ती. सभागृहाच्या दर्शनी भागाला नवा दगड लावायचं काम पुढे ढकला, अध्यक्षांची नवी गाडी रद्द करा, सभासदांचे भत्ते वर्षभर बंद ठेवा, आणि तेवढ्यात दोन्ही चालवा, निदान काही महिने. लेखापाल उभा राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "बांधकामाचे पैसे बांधकामालाच, ताई. ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. आणि गाडीचा करार झालाय."

"आणि आपले भत्ते? त्यांचा तर करार नाही ना झाला?"

कुणी खोकलं. कुणी फोनमध्ये डोकं घातलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा तिचा एकटीचाच हात वर होता. इतका वेळ एकमेकांच्या उरावर बसलेले दोन्ही गट भत्त्यांच्या वेळी सख्खे भाऊ झाले.

मग मूळ प्रश्न. "बस चालू ठेवून केंद्र बंद करण्याच्या बाजूनं?"

हात वर गेले. तिचा हात मांडीवर होता. कोणीतरी मोजायला लागलं. त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर तत्त्व वगैरे काही नव्हतं. वस्तीतल्या अंगणात चादरीखाली ठेवलेली शेजारीण होती आणि त्या चादरीबाहेर आलेली एक चप्पल. तिनं हात वर केला.

डावीकडून आरोळी उठली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. तिनं उजवीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. सासू वाकून बाकाखाली घरंगळलेली काठी शोधत होती.

घरी जायला गाडी एकच, नवऱ्याची. पुढे नवरा आणि सासू, मागे अवजारांच्या पेटीशेजारी ती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवऱ्यानं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "गर्दी फार होती." 

त्या दिवसापासून सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. "तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे," असं मुलाला सांगायची, सून समोर बसलेली असताना. नवरा बिचारा सांगायचाही, "मीठ कमी आहे म्हणे." तिला एकदा हसू आलं आणि मग आत जाऊन ती खूप वेळ नळ सोडून उभी राहिली.

म्हातारघराच्या शेवटच्या दिवशी ती तिथं गेली. नाही गेली असती तरी चाललं असतं, पण पाय राहिले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ काढलेलं, टेबलं एकावर एक रचलेली. एका आजींनी तिला बघून खुर्चीच फिरवली. सासू खिडकीपाशी पाठ करून बसली होती. शिंपी तेवढा पुढे आला.

"या ताई, बसा. आज खुर्ची आहे अजून." मग त्यानं मानेवरून हात फिरवला. "आलाच आहात तर केस तरी कापून द्या. फुकटात."

पिशवीत कात्री होतीच. तिनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. सगळे बघत होते. शिंप्यानं समोर बघत हळूच विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?"

"नाही, काका."

"मग बरंय," तो म्हणाला. "लागत असती तर मला राग आला असता."

खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे दुसऱ्याच दिवशी पलंगावर आले आणि सासू खुर्चीत बसली. एवढंच होतं की सकाळी ती शिंप्याला फोन लावायची. फोनवर दोघं जुन्या, कधीच्या काळच्या डावांवरून भांडायची. तेवढा वेळ घरात तिचा आवाज यायचा, मग पुन्हा भिंत.

असे काही आठवडे गेले. आणि एका सकाळी पार्लरमध्ये एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावत असताना तिला जिन्यावर काठीचा आवाज आला. सासू एकटीनं जिना उतरत नसे. ती कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत खाली आली आणि दारात उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला.

"शिंपी फोन उचलत नाही," ती म्हणाली. थेट सुनेला.

"झोपले असतील, आई. नाहीतर बाजारात..."

"काल संध्याकाळीही नाही उचलला. मला वाटलं रुसला. चल."

गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, माझा रंग!" पण तिनं हातमोजे काढून टाकले होते. नवरा कामावर लांब गेलेला. दोघी रिक्षानं निघाल्या. वाटेत सासूनं तिच्या मनगटाला धरलं होतं आणि ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

शिंप्याचं घर एका बोळाच्या टोकाला, तळमजल्यावर. दार आतून बंद. शेजारीण म्हणाली, काल दुपारपासून दिसले नाहीत, पण एकटा माणूस, कोण चौकशी करणार? सासूनं काठीनं दार बडवलं. "अहो शिंपी! दार उघडा, नाहीतर मी तोडते!" काही नाही. तिनं कान लावला. मग आतून अगदी बारीक, भांडं जमिनीवर घासल्यासारखा आवाज आला.

पुढे काय केलं ते सुनेला नंतर नीट आठवेना. समोरच्या गॅरेजमधून ती लोखंडी पहार घेऊन आली होती, गॅरेजवाला मागून धावत आला होता, कडी तुटली होती. शिंपी मोरीच्या उंबऱ्यात आडवा पडला होता, एक पाय नको तसा वळलेला, ओठ फुटलेले. हाताशी ॲल्युमिनियमचं तांब्यासारखं भांडं. तेच तो फरशीवर घासत होता. त्यानं तोंड उघडलं पण जीभ हलेना.

खुब्याचं हाड मोडल्यापासून जमिनीवर न बसलेली सासू भिंतीला धरून खाली बसली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पाणी ओतू नकोस तोंडात," ती सुनेला म्हणाली. "फडकं भिजवून दे. आणि गाडी बोलाव." ती त्याचे ओठ पुसत राहिली. "आले मी, आले," एवढंच म्हणत होती. रुग्णवाहिका आली तेव्हा शिंप्याला उचलायला दोघं लागले आणि सासूला उठवायलाही दोघं.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घ्यायला जी आया आली ती वस्तीतलीच, मावशी. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, मग सुनेकडे.

"म्हातारघरातले का हे?"

"हो."

 मावशीनं स्ट्रेचर आत ढकललं. दिवसभर येत-जात राहिली, पांघरूण नीट करत, सलाईन बघत. संध्याकाळी तिची पाळी संपली तेव्हा ती व्हरांड्यात आली. "तुम्ही दोघी घरी जा," ती म्हणाली. "म्हातारीला बसवत नाहीये. मी थांबते त्यांच्यापाशी. मला शेवटची बस आहे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते मावशीला कळलं. तिनं मान खाली घातली आणि आत गेली.

दोघी बाकावर बसून राहिल्या. औषधांचा वास, कुठंतरी ट्रॉलीचं चाक करकरत होतं. शेवटी तिनंच विचारलं, "आई, माझं चुकलं का?"

"ते मला विचारू नकोस." सासूचा आवाज थकलेला होता. "हो म्हटलं तर तू रडशील. नाही म्हटलं तर ते खोटं होईल." काठीची मूठ चोळत ती म्हणाली, "तू हात वर केलास तेव्हा तो थरथरत होता. अध्यक्षांचा नव्हता थरथरत. तेवढाच फरक मला दिसला. तो पुरेसा आहे की नाही, देव जाणे."

ती रडलीच. सासूनं तिला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही.

शिंपी वाचला, पण एकटं राहण्याजोगा राहिला नाही. लांबच्या गावाहून भाची आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना त्याला नीट बोलता येत नव्हतं. सासूनं त्याच्या खिशात पत्त्यांचा जोड घातला आणि गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभी राहिली.

पुढच्याच बैठकीत अध्यक्षांनी केंद्राची जागा भाड्यानं द्यायचा ठराव आणला. या वेळी तिचा हात थरथरला नाही. तिनं उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं की भाडेकरू कोण, आणि त्याचं अध्यक्षांशी नातं काय. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "हा वैयक्तिक आरोप आहे," ते म्हणाले.

"आरोप नाही, साहेब. प्रश्न आहे. उत्तर नाही असं असेल तर तेच लिहून घ्या."

त्या दिवशी लोकांच्या बाकांवर मावशी आणि वस्तीतल्या बऱ्याच बायका होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या उजवीकडे, म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. टेकडीच्या उतारावरच्या दोन सभासदांनी तिकडे बघितलं आणि ठरावाच्या विरुद्ध मत दिलं. ठराव पडला.

म्हातारघर परत सुरू झालं असं म्हणता येणार नाही. न्यायला गाडी नाही, जेवण नाही, व्यायाम घेणारी बाई नाही. फक्त किल्ली म्हाताऱ्यांच्या हाती दिली आणि सकाळी दार उघडायची परवानगी मिळाली. ज्यांना चालता येतं ते येतात. बाकीचे घरीच. नवरा फ्रिजच्या गाडीतून दोघा-तिघांना आणून सोडतो, जमेल तेव्हा. वस्तीतल्या बायका कामावर जाता जाता डोकावतात, कोण आलं नाही ते विचारतात, आणि न आलेल्याच्या दारावर थाप मारून पुढे जातात. ज्या आजींनी त्या दिवशी खुर्ची फिरवली होती त्या अजूनही कात्रीताईशी बोलत नाहीत. तिनंही तो नाद सोडला आहे.

परवा लेखापालाची बायको पुन्हा केस कापायला आली होती. जाताना हळूच म्हणाली, पुढच्या वर्षी याहून कमी येणार आहेत म्हणे.

तिनं शटर ओढलं, वर गेली आणि सासूला सांगितलं. सासू पलंगावर बसून पायाला तेल चोळत होती.

"कोण म्हणतं?"

"लेखापाल."

"मग त्याला रविवारी घरी बोलाव. कुठल्या खात्यातलं कुठं वळत नाही, ते मला एकदा नीट समजून घेऊ दे." तिनं तेलाची बाटली बाजूला ठेवली. "आणि तू उभी काय राहिलीस? बस इथं. या वेळी आधीपासून भांडायला हवं."

ती पलंगाच्या कडेला बसली. दोघी नवरा जेवायला हाक मारेपर्यंत बोलत होत्या.